दलाल, घर आणि उतारवय



वर्धापनदिनाची स्मरणिका काढावयाची ठरली, तेव्हा आपल्या चिटणीसबाई माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "पाककृती आणि प्रवासवर्णने पुष्कळ आली आहेत. तुम्ही इतिहास शिकविलात, तेव्हा इतिहासाचे काहीतरी द्या. पण राजेरजवाडे नकोत, बायकांच्या उपयोगी पडेल असे द्या." ह्या अटीवर विचार करता करता मला घरांच्या दलालांची आठवण झाली. राजांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला, पण ज्याच्या मागोमाग आपण जिने चढतो आणि ज्याच्या शब्दावर आयुष्याची पुंजी मोकळी करतो, त्या माणसाचा इतिहास कोणी सांगत नाही. आपल्यापैकी पुष्कळजणी साठीच्या पुढच्या आहेत. निवृत्तांच्या वसाहतीत घर घ्यावे की काय, ही चर्चा भजनाच्या दिवशीही कानावर येते. म्हणून हा विषय.

दलाल हा शब्द अरबी. त्याचा मूळ अर्थ वाट दाखविणारा. किती चांगला अर्थ आहे पाहा! आपल्याकडे मात्र हा शब्द थोडा नाक मुरडूनच उच्चारला जातो. वाट दाखविणारा मनुष्य कोणाच्या वाटेने नेतो, आपल्या की समोरच्याच्या, ह्याची शंका लोकांच्या मनात फार पूर्वीपासून असली पाहिजे. आणि ह्या धंद्याचा सगळा इतिहास मला तरी ह्या एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसतो.

माझ्या लहानपणी आमच्या घरात दलाल हा शब्द कोणी काढीत नसे, कारण घर विकत घेण्याची गोष्टच नव्हती. आम्ही नदीकाठच्या पेठेत वाड्यातल्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचेही फुटले, आणि पुण्याच्या पेठांतून पाणी शिरले. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. आईने आम्हां भावंडांना आणि देवांच्या डब्याला घेऊन टेकडी गाठली. परत आलो तेव्हा वाड्याची मागची भिंत नव्हती. पुढे पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वस्त्या उभ्या राहिल्या. वडिलांना जागा मिळाली ती अर्ज, शिक्के आणि एका सहकारी संस्थेच्या सभासदत्वातून. मधे दलाल नव्हता. त्या पिढीतल्या पुष्कळ मध्यमवर्गीयांना घर असेच मिळाले. सहकारी घरबांधणीची ही वाट आपल्याकडे जुनीच आहे. मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी १९१५ साली अशी संस्था काढली होती. सभासद एकमेकांना ओळखत, कारभारी त्यांच्यातलेच असत, हिशेब सर्वांपुढे ठेवला जाई. ओळख हाच तेथे दलाल होता.

लग्न होऊन मुंबईला गेले तेव्हा दुसरी तऱ्हा पाहिली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी बांधली गेली होती. भाडे वाढत नाही म्हणून मालक जागा सोडीत नसे, आणि सोडलीच तर पागडी घेई. पागडी त्या कायद्याने गुन्हा होती. तरीही ती सर्रास चाले, आणि ती चालविणारा मनुष्य दलाल. पैसे रोख, पावती नाही, शब्द तेवढा द्यावयाचा. पागडीला कायद्याची मान्यता मिळाली ती थेट १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने. म्हणजे पन्नासांहून अधिक वर्षे दलालाच्या धंद्याचा मोठा भाग अंधारातच चालला. त्याच्याविषयीचा अविश्वास काही उगाच उत्पन्न झालेला नाही.

आणखी एक गोष्ट. आमच्या चाळीत दलाल येई तो पुरुषमाणसांशी बोलून जाई. घरातल्या बाईला स्वयंपाकघर केवढे आहे एवढेच विचारावयाची मुभा. ह्यालाही इतिहास आहे. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हिस्सा दिला खरा, पण तो मर्यादित. तिने उपभोग घ्यावा. विकावयाचे तर तशी निकड दाखवावी लागे. १९५६ च्या वारसा कायद्याने ती मर्यादा काढली आणि बाई आपल्या मिळकतीची पुरती मालकीण झाली. २००५ साली वडिलार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क मिळाला. २०२१ पासून आपल्या राज्यात घर बाईच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात शेकडा एक सूट मिळू लागली. कायदा पुढे गेला, दलालाची नजर मात्र अजून पुष्कळदा "घरातले कोणी मोठे आहेत का?" हेच विचारते. समोर सत्तर वर्षांची बाई बसलेली असली तरीसुद्धा!

आता निवृत्तांच्या वसाहतीकडे वळते. म्हाताऱ्या माणसांचे स्वतंत्र गाव ही कल्पना अमेरिकेतली, आणि गंमत अशी की ती प्रत्यक्षात आणणारा पहिला गृहस्थ घरांचा दलालच होता. बेन श्लायफर नावाच्या ह्या गृहस्थाने १९५४ साली ॲरिझोना प्रांतात फिनिक्स शहराजवळ यंगटाउन नावाची वसाहत वसविली. नाव 'तरुण गाव' आणि वस्ती वृद्धांची! त्यानंतर १ जानेवारी १९६० रोजी शेजारीच डेल वेब ह्या बांधकाम व्यावसायिकाने सन सिटी उघडली. चार-पाच नमुन्याची घरे, गोल्फचे मैदान, करमणुकीचे केंद्र, दुकाने असे सगळे त्याने आधी बांधून तयार ठेवले आणि मग लोकांना बोलाविले. पहिल्या तीन दिवसांत लाखाच्या आसपास माणसे पाहावयास लोटली असे सांगतात. उतारवयात माणसाला नुसते छप्पर नको असते, सोबत आणि उद्योग हवा असतो, हे त्याने ओळखले होते.

माझी भाची फिनिक्सला असते. २०१२ साली तिच्याकडे गेले असता तिने मला सन सिटी दाखविली. रस्ते आरशासारखे स्वच्छ. आजी-आजोबा गोल्फच्या छोट्या गाड्या चालवीत बाजारात जात होते. पण तासाभराने माझ्या लक्षात आले की कोठे मुलांचा आवाज नाही. विचारले तेव्हा समजले की येथे वयाची अट आहे, आणि पाहुण्या नातवंडांनी वर्षात किती दिवस राहावे ह्यालाही नियम आहे. १९८८ साली अमेरिकेत मुले असलेल्या कुटुंबांना घर नाकारण्यास बंदी झाली. पण वृद्धांच्या वसाहतींना अपवाद ठेवला गेला. पुढे १९९५ च्या कायद्याने तो अपवाद सोपा केला: शेकडा ऐंशी घरांत पंचावन्न वर्षांवरचा निदान एक तरी माणूस राहत असेल, तर वसाहतीला वयाची अट ठेवता येते. हे सारे कागदावर होते. भाची म्हणाली, "मावशी, इथे घर घेताना लोक घर बघतात, नियम बघत नाहीत." ते वाक्य मी तेव्हा नुसते ऐकले. त्याची किंमत पुढे आमच्याच घरात मोजावी लागली.

अमेरिकेतल्या दलालांचीही कथा ऐकण्यासारखी आहे. त्यांनी १९०८ साली शिकागोला आपली राष्ट्रीय संस्था काढली आणि १९१३ साली आचारसंहिता केली. परवाने आले, परीक्षा आल्या. तरीही एक गोम राहून गेली. जो दलाल घेणाऱ्याला गाडीत बसवून घरे दाखवी, तो कायद्याने बहुधा विकणाऱ्याचा प्रतिनिधी असे. घेणारा बिचारा त्याला आपला मानून सांगून टाकी, "एवढ्याला मिळाले तर बरे, नाहीतर आणखी थोडे देऊ." ते विकणाऱ्याच्या कानी जाई. १९८३ साली तेथील सरकारच्या व्यापार आयोगाने एक पाहणी प्रसिद्ध केली, तीत बहुसंख्य घेणाऱ्यांचा हाच गैरसमज उघड झाला. त्यानंतर दलालाने आपण कोणाच्या बाजूचे आहोत हे आधी सांगावे असे नियम प्रांतोप्रांती झाले, आणि फक्त घेणाऱ्याच्या बाजूने काम करणारे एजंट निघाले. अलीकडे एका मोठ्या खटल्याच्या तडजोडीमुळे १७ ऑगस्ट २०२४ पासून तेथील राष्ट्रीय संस्थेच्या एजंटांना घर दाखविण्यापूर्वी घेणाऱ्याशी लेखी करार करावा लागतो, आणि त्यात आपली दलाली किती ते लिहावे लागते. एवढा साधा प्रश्न लेखी यावयास शंभरांहून अधिक वर्षे गेली!

आपल्याकडे ह्या प्रश्नाचे उत्तर १८७२ च्या करार कायद्यातच लिहून ठेवले आहे. ज्याच्यासाठी काम करावयाचे त्याला हिशेब द्यावा, त्याला न कळविता स्वतःचा फायदा साधू नये, आणि वेगळे ठरले नसेल तर काम पुरे झाल्यावरच मोबदला मागावा, असे त्यात आहे. पण दीडशे वर्षांच्या ह्या कायद्याची आपल्या जिन्यावर आठवण कोण ठेवतो? १९६३ साली महाराष्ट्रात मालकीच्या सदनिकांचा कायदा झाला. त्याने बांधणाऱ्यावर बंधने घातली, दलालाचा विचार केला नाही. तो झाला २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यात, ज्याला सगळे 'रेरा' म्हणतात. आपल्या राज्यात महारेरा २०१७ साली सुरू झाले. तेव्हापासून नव्या प्रकल्पातली घरे विकणाऱ्या एजंटाला नोंदणी करावी लागते, आणि २०२३ पासून प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. निवृत्तांच्या घरांसाठी केंद्र सरकारने २०१९ साली नमुना मार्गदर्शक तत्त्वे काढली. महारेराने २०२४ साली आपली काढली. चाकांची खुर्ची जाईल असे दार आणि लिफ्ट, न घसरणारी फरशी, न्हाणीघरात धरावयास दांडा, अशा आपल्या गरजा सरकारी कागदावर तपशिलाने आल्या.

येथपर्यंतचा इतिहास ऐकून कोणासही वाटेल की आता काळजी नको. मलाही वाटले असते, पण आमच्या वन्संची गोष्ट घडली. त्यांच्या परवानगीनेच ती लिहिते.

वन्सं माझ्या यजमानांच्या थोरल्या भगिनी. वैधव्य लवकर आले, नोकरी करून एका मुलीला वाढविले. ती मुलगी संसार मोडल्यामुळे आईकडे परत आली. २०१८ साली वन्सं सत्तर वर्षांच्या होत्या. दादरची जागा विकून आलेल्या पैशांत त्यांना पुण्याजवळ निवृत्तांच्या वसाहतीत घर घ्यावयाचे होते. डॉक्टर जवळ, जेवणाची सोय, आणि मुलगी शेजारच्या खोलीत, एवढीच त्यांची इच्छा. ओळखीतून एक दलाल आला. वन्संची पिशवी स्वतः उचली, त्यांना 'आई' म्हणे, उन्हात छत्री धरी. एका वसाहतीतले जुन्या मालकाचे घर त्याने दाखविले. घर सुरेख होते. "मुलगी माझ्याबरोबर राहणार हो," असे वन्संनी त्याला माझ्यादेखत तीनदा सांगितले. तो प्रत्येक वेळी म्हणे, "आई, ते मी बघतो ना."

विसार म्हणून तीन लाख रुपये दिले गेले. विसारपावती दलालानेच लिहून आणली होती. घेणाऱ्याने माघार घेतल्यास विसार बुडेल, असे कलम तिच्यात होते. वन्संनी सही केली, आणि साक्षीदार म्हणून खाली मी केली. मी, जिने पंचवीस वर्षे मुलांना दस्तऐवज वाचावयास शिकविले!

पंधरा दिवसांनी वसाहतीच्या कचेरीत गेलो, तेव्हा नियमांची पुस्तिका हाती आली. पंचावन्न वर्षांखालील व्यक्तीस कायमचे राहता येणार नाही. मुलगी चव्वेचाळीस वर्षांची. वारसाहक्काने तिला घराची मालकी मिळेल, पण वयाची अट पुरी होईपर्यंत तेथे राहता येणार नाही. शिवाय माणूस गावाला गेला तरी स्वयंपाकघराचा आणि सेवेचा महिन्याचा आकार चालूच. दलालाला हे सारे ठाऊक होते, कारण त्याच वसाहतीतली घरे त्याने पूर्वी विकली होती. विकणाऱ्याकडूनही तो दलाली घेणार होता, हे आम्हांला नंतर समजले. वन्संनी माघार घेतली आणि विसार बुडाला. चौकशी केली तेव्हा कळले की एजंटाच्या नोंदणीचा नवा कायदा बांधणारा पहिल्याने विकतो त्या घरांसाठी आहे. जुन्या मालकाकडून घर घेताना त्याचे छत्र नाही. दिवाणी कोर्टाची वाट होती, पण सत्तराव्या वर्षी ती चढण्याचे बळ वन्संना नव्हते.

त्या दिवशी वन्सं रडल्या नाहीत. रात्री एवढेच म्हणाल्या, "पैसा गेला त्याचं नाही गं. पण आता पुन्हा कमवायचं वय नाही, आणि पुन्हा कोणावर विश्वास ठेवायची भीती बसली." हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. तरुणपणी ठेच लागली तर जखम भरते. उतारवयातल्या चुकीला दुरुस्तीचा काळच उरत नाही. म्हणून दलाल निवडणे ही घर निवडण्याइतकीच मोठी गोष्ट आहे.

वर्षभराने दुसरी एक एजंट बाई भेटली. तिने घराची गोष्ट काढण्याआधी विचारले, "तुमच्याबरोबर कोण राहणार?" उत्तर ऐकून म्हणाली, "मग मला माहीत असलेल्या वसाहतींत तुमचं जमणार नाही. प्रत्येकीचे नियम मागवून वाचा, पण उगाच हेलपाटे घालू नका." दलाली किती, ती फक्त आमच्याकडूनच घेणार, आणि खरेदीखत नोंदल्यावरच घेणार, हे तिने साध्या कागदावर लिहून सही करून दिले. शेवटी तिने आमच्याच भागात, लिफ्ट असलेल्या एका साध्या सोसायटीत पहिल्या मजल्यावरचे घर मिळवून दिले. ते वसाहतीतल्या घरापेक्षा स्वस्त, म्हणजे तिची दलालीही कमीच. आपले नुकसान होत असूनही जो खरे सांगतो, तो आपला दलाल, हे त्या दिवशी मला कळले.

ह्या दोन अनुभवांतून मी जे शिकले ते येथे मांडते. घरे पाहावयास निघण्यापूर्वी दलालाला विचारावे, "तुम्ही कोणाचे? पैसे एका बाजूने घेणार की दोन्ही?" उत्तर लेखी घ्यावे. आपल्याकडे शेकडा एक ते दोन दलाली देण्याची रीत आहे, पण ती ठरवून घेता येते. लाजू नये. प्रकल्प नवा असेल तर प्रकल्पाचा आणि एजंटाचा असे दोन्ही नोंदणी क्रमांक मागावेत आणि नात-नातू कोणाकडून तरी महारेराच्या नोंदीत पडताळून घ्यावेत. अशा घरासाठी नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या शेकडा दहाहून अधिक रक्कम मागता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. घर जुन्या मालकाकडून घ्यावयाचे असेल तर सावधगिरी दुप्पट करावी, कारण तेथे राखणदार आपणच.

वसाहतीची नियमपुस्तिका विसार देण्यापूर्वी वाचावी. वयाची अट काय, दोघांतले एक गेले तर मागे राहिलेल्याचे काय, अंथरुणाला खिळल्यास राहू देतात का, महिन्याचा आकार कोण व कसा वाढवितो, ठेव परत मिळते का, आणि मुळात आपल्याला मालकी मिळते की नुसता राहण्याचा हक्क, हे सारे त्यात पाहावे. "ते मी बघतो" हे उत्तर ज्या प्रश्नाला मिळेल, तो प्रश्न अधोरेखित करून ठेवावा. दुपारी चार वाजता, दलालाला बरोबर न घेता, वसाहतीत जाऊन तेथल्या दोन-तीन बायकांबरोबर चहा घ्यावा. जे कोणत्याही कागदावर नसते ते तेथे कळते. वकील आपला असावा, दलालाने आणलेला नसावा. पैसे धनादेशाने मालकाच्या नावे द्यावेत. आणि साक्षीदाराची सही करणारीने आधी कागद वाचावा. हे शेवटचे मी स्वतःला सांगते.

सगळे दलाल वाईट नसतात. वाट दाखविणारा माणूस समाजाला हवाच असतो, आणि चांगला भेटला तर त्याचे उपकार मानावेत. पण मंडळाला माझी एक विनंती आहे. आपल्या कपाटात भिशीच्या वहीशेजारी आणखी एक वही ठेवू या. घर घेताना, विकताना, भाड्याने देताना कोणाला काय अनुभव आला, तो ज्या त्या बाईने तीत चार ओळींत लिहावा. चांगलाही लिहावा. १९१५ सालच्या त्या संस्थेत सभासदांची एकमेकांशी ओळख हीच हमी होती. तेवढी ओळख आपणां शेजारणींत आजही आहे.

वन्सं आता गुरुवारच्या भजनाला नियमाने येतात, पुढच्या रांगेत बसतात. मुलगी ऑफिसातून येता येता त्यांना घेऊन जाते. दोघी एका घरात जातात, हे पाहून मला बरे वाटते. त्या वहीचे पहिले पान त्याच लिहिणार आहेत, असे त्यांनी मला सांगून ठेवले आहे.